गावाची कोठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शीळफाट्यावर अर्धा तास उभं राहिलं की मुंबई काय जेवते ते कळतं. मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा जुना रस्ता आणि कल्याणहून येणारा रस्ता इथे मिळतात आणि जवळूनच महापेकडे वाट फुटते. नाशिकची कोबी-फ्लॉवर, माळशेज उतरून आलेली जुन्नर-ओतूरची टोमॅटो-मेथी पहाटेपासून इथून तुर्भ्याच्या घाऊक बाजाराकडे जाते. त्यातली काही गंमत म्हणून पाहावी अशी आहे. जो टोमॅटो कल्याणवरून, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या दारावरून पुढे जातो, तोच तुर्भ्यात उतरून, दोन हात बदलून, दुसऱ्या टेम्पोतून परत डोंबिवलीच्या मंडईत येतो. फाट्यावर तो आम्हाला दोनदा भेटतो आणि दुसऱ्या भेटीत महाग झालेला असतो.

‘अन्नाचं भवितव्य’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा पहिल्यांदा हा फाटाच डोळ्यांसमोर आला. विषय मोठा आहे. हवामानबदल, लोकसंख्या, खतं, पाणी यांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. वाईट वर्ष आलं, पाऊस चुकला, बाजार बंद पडला, तर त्या वर्षाचा भार कोणी उचलायचा? एकट्या शेतकऱ्याने, की जेवणाऱ्या सगळ्यांनी मिळून? आपल्याकडे याची उत्तरं गावांनी पूर्वीच शोधून ठेवली आहेत. त्यातली काही शीळफाट्यापासून तास-दोन तासांच्या अंतरावर सापडतात.

पण आधी फाट्यावरच्या मावशींबद्दल सांगतो. जूनच्या पहिल्या पावसाच्या आगेमागे मलंगगडाच्या पायथ्याच्या वाडीतून त्या यायच्या आणि रस्त्याच्या कडेला फडकं पसरून बसायच्या. फडक्यावर शेवळाच्या जुड्या. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रानकंदाचं फूल. पहिल्या पावसात जमिनीतून वर येतं, पंधरा-वीस दिवस मिळतं आणि संपतं. ज्यांच्या घरी सोडे किंवा कोलंबी घालून शेवळाची भाजी होते त्यांना त्याची थोरवी सांगायला नको. मी पहिल्यांदा जुडी उचलून पैसे पुढे केले तेव्हा मावशींनी माझा हात थांबवला. “दादा, नुसती शेवळं नेऊ नका. घसा धरंल. काकडं घ्या संगती.” काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची आंबट हिरवी फळं. शेवळात चुन्याच्या ऑक्झलेट क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आंबट घालून नीट शिजवलं की खाज मोडते. हे रसायनशास्त्र मावशींच्या आजीच्या आजीला ठाऊक होतं. झाड कुठे आहे, कधी फळतं, कोणत्या कंदाला हात लावायचा आणि कोणता पुढच्या वर्षासाठी राखायचा, हेही त्यांना ठाऊक. हे ज्ञान एकट्या बाईचं नसतं, सगळ्या वाडीचं असतं. कारण एकीने सगळे कंद उपटले तर पुढच्या जूनमध्ये बाकीच्यांच्या टोपल्या रिकाम्या राहतात. २०२० पासून कृषी विभाग आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवू लागला, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र शेवळं ऑगस्टपर्यंत थांबत नाहीत.

आता खाडीकडे वळू. शीळ, देसाई, म्हातार्डी, दिवा या पट्ट्याला खाडी लागून आहे. आज इथे वर उड्डाणपूल, बाजूला मनोरे, आणि खालून वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंतचं बुलेट ट्रेनचं २१ किलोमीटरचं भुयार, त्यातलं ७ किलोमीटर खाडीखालून. या सगळ्याच्या आधी खाडीकाठी भातशेती होती. खाऱ्या पाण्याच्या तोंडावर भात पिकवणं हा साधा उद्योग नव्हे. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालायचा. पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, त्यासाठी बांधात उघाडी ठेवायची. हा बांध कोणा एकाच्या शेताचा नसतो. जिथे खांड पडेल तिथून खाडी आत शिरते आणि मग ज्याच्या हलगर्जीने खांड पडली त्याच्याबरोबर ज्याने आपला भाग नीट राखला त्याचंही शेत खारं होतं. एकदा खारं झालेलं शेत पुन्हा गोडं व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात.

म्हणून नियम साधा होता. उधाणाच्या दिवसांत घरटी एक माणूस बांधावर. ज्याच्याकडे माणूस नाही त्याने दुसरा पाठवायचा किंवा त्या बदल्यात काही द्यायचं. जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या महसुली कागदांत अशा समुद्राकडून मिळवलेल्या जमिनींना ‘शिलोत्री’ असं नाव आढळतं. त्या जमिनीचं बियाणंही वेगळं होतं. काळा रता, भुरा रता हे लालसर तांदळाचे वाण थोडा खार सोसून उभे राहायचे. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्यांच्यावर निवडीचं काम केलं आणि ‘पनवेल’ नावाने नवे वाणही दिले. पण मूळ वाण खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी राखले होते, ही गोष्ट विसरू नये.

मग १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ मध्ये दुसरा झाला आणि बांधांची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी सरकारकडे गेली. पैसा आला, दगडी पिचिंग झालं, मोठ्या उघाड्या बसल्या. ते हवंच होतं. पण एक गोष्ट सुटली. खांड पडली की घमेलं-फावडं घेऊन धावणारं गाव आता अर्ज घेऊन कचेरीत जाऊ लागलं, आणि अर्जाला उत्तर येईपर्यंत दोन उधाणं होऊन जातात. दोष एकट्या सरकारचा नव्हे. घरातला तरुण कारखान्यात कामाला लागला होता, आणि शेताला भातापेक्षा जागा म्हणून जास्त भाव येऊ लागला होता. ज्याला शेत विकायचंच आहे तो उधाणात बांधावर का जाईल?

बांधाची गोष्ट पाणी अडवण्याची. दुसरी गोष्ट भूक अडवण्याची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

आपल्या या भागात भाताचं वर्ष मोठं विचित्र असतं. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून घरात येतं. होळीपर्यंत कणगी बरी असते. वैशाखात तळ दिसू लागतो. आणि नेमकं ज्या महिन्यांत माणसाने चिखलात वाकून सर्वांत जास्त राबायचं, त्या आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो. पीक शेतात उभं आणि पोट रिकामं. मग सावकाराकडे जायचं आणि खाण्यापुरतं भात आणायचं. याला खावटी म्हणतात. ही खावटी दिढीने, कधी दुपटीने फेडायची. म्हणजे आषाढात दोन मण आणलं तर कार्तिकात तीन किंवा चार मण द्यायचं. ते दिलं की घरची कणगी अर्धीच भरते, म्हणून पुढच्या वर्षी तळ वैशाखाऐवजी फाल्गुनात दिसतो, आणि खावटी आणखी वाढते. शेत चांगलं पिकलं तरी या चक्रातून सुटका नाही. भूक पावसाने आणली नव्हती, ती हिशेबाने आणली होती.

हा हिशेब ओळखणाऱ्यांत एक तरुण वकील होता. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना आपण भाई कोतवाल म्हणून ओळखतो. त्यांचं नाव निघालं की सिद्धगड आठवतो. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. ते बलिदान मोठंच. पण त्याच्या आधीचं त्यांचं काम मागे पडतं. कर्जत तालुक्यात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी सुरू केली. काळ कोणता होता ते लक्षात घ्या. महायुद्ध सुरू झालेलं, धान्याचे भाव चढलेले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ थांबला. त्या तांदळावर मुंबई आणि कोकण मोठ्या प्रमाणावर अवलंबून होतं. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये काय झालं ते सर्वांना माहीत आहे. अशा वेळी गावाचं धान्य गावाच्या हातात ठेवणं हे काम मनोरा पाडण्याइतकंच धाडसाचं होतं, असं मला वाटतं. सावकाराच्या ओट्यावरून उठून शेतकरी स्वतःच्या कोठीकडे गेला, तर सावकाराला ते मनोऱ्यापेक्षा जास्त झोंबतं.

कोठी चालते कशी, ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे सोयीसाठी घेतलेत. समजा चाळीस घरांचा पाडा आहे. सुगीत प्रत्येकाने एक क्विंटल भात कोठीत टाकलं, चाळीस क्विंटल झालं. आषाढात ज्याला लागेल त्याने न्यावं आणि कार्तिकात परत करताना पायलीला पाव पायली जास्त घालावी. दोन क्विंटल नेलं तर अडीच परत. सावकाराकडे तीन किंवा चार द्यावे लागले असते. म्हणजे घराचा अर्धा ते दीड क्विंटल वाचला, आणि जो अर्धा क्विंटल जास्त गेला तोही कोठीत, म्हणजे आपल्याच घरात. सगळं भात फिरलं आणि सगळं परत आलं तर तीन-सव्वातीन वर्षांत कोठी दुप्पट होते. प्रत्यक्षात उंदीर खातात, ओल लागते, एखाद्या घरचा कर्ता माणूस जातो आणि त्या घराला माफी द्यावी लागते. तरी चार-पाच वर्षांत दुप्पट व्हायला हरकत नाही. दुप्पट झाल्यावर पाड्याने ठरवायचं. वाढ कमी करायची, की एखाद्या पडत्या वर्षासाठी साठा ठेवायचा.

यात दान नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. जो नेतो तो परत करतो, थोडं जास्त करतो, आणि त्याचा मान राहतो. पुढे कर्जत तालुक्यातल्याच कशेळ्याला ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने ठाकर आणि कातकरी वाड्यांमधून धान्यकोठ्यांचं काम केलं आणि भाताचे स्थानिक वाणही जपले. राळेगणसिद्धीत १९८० मध्ये देवळात धान्य बँक सुरू झाली. ज्यांच्याकडे जास्त पिकलं त्यांनी घालायचं, अडलेल्याने न्यायचं आणि परत करताना वाढीव घालायचं. मुलूख वेगळा, पाऊस वेगळा, पण पद्धत तीच.

सरकारनेही हे हेरलं. आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून खावटी कर्ज दिलं जाऊ लागलं. १९९६-९७ मध्ये केंद्राने ग्रामधान्य बँकेची योजना आणली. कुटुंबामागे एक क्विंटल धान्य सरकारने द्यायचं आणि गावाने ते फिरवायचं. कागदावर ही योजना भाई कोतवालांच्या कोठीसारखीच दिसते. फरक एवढाच की पहिला दाणा सरकारचा. आणि हा फरक लहान नाही. ज्या कोठीत माझी पायली पडलेली नाही, त्या कोठीत परत घालताना माझा हात जड होतो. ‘सरकारचंच आहे, माफ होईल’ असं एकाने म्हटलं की चाळिसांना पटतं. शिवाय सरकारी मदतीला तिचं स्वतःचं पंचांग असतं. करोनाच्या वर्षी राज्य सरकारने खावटी पुन्हा सुरू केली, साडेअकरा लाखांवर आदिवासी कुटुंबांना प्रत्येकी चार हजार रुपयांची मदत, निम्मी रोख आणि निम्मी वस्तूंत. हेतू उत्तम. निर्णय निघाला तो सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे आषाढ सरून गेल्यावर.

इथे कोणी विचारेल की आता रेशन आहे, मग कोठीचं काय काम? प्रश्न रास्त आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि आषाढातली भूक बरीच मागे हटली. ज्यांनी ती पाहिली आहे ते रेशनला नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही. पण रेशनचा तांदूळ कुठल्या तरी दूरच्या गोदामातून येतो. आपल्या शेजारच्या शेतात उद्या भात लागणार की डबर पडणार, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पोटाची सोय होते, शेताची होत नाही. आणि बियाण्याची तर नाहीच.

बियाण्याच्या बाबतीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता घराघरांत पोचलं आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळा न शिकलेल्या या बाईंनी वाल, घेवडे, भात, भाजीपाला यांची गावरान बियाणी गोळा केली आणि ‘बाएफ’ संस्थेच्या साहाय्याने त्यांची बँक उभी केली. तिथलाही नियम कोठीचाच आहे. बी घेऊन जा आणि पिकल्यावर दुप्पट आणून दे. सावकाराची दुपटी आणि राहीबाईंची दुपटी यांत फरक काय? पहिली एका घरात जाते, दुसरी पुढच्या शेतकऱ्याकडे जाते. इकडे वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखलं गेलं. आता ते नाव लावून भलताच तांदूळ विकला जात नाही ना, हे पाहणं गिऱ्हाईकाच्या हाती आहे.

गिऱ्हाईक म्हटलं की मी स्वतः आलोच. आतापर्यंत गावांबद्दल बोललो. आता थोडं आमच्या सोसायटीबद्दल सांगतो, आणि त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

२०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि शहरांतून संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. अशाच एका बाजारात मुरबाड तालुक्यातल्या पाच शेतकऱ्यांशी ओळख झाली. त्याआधी मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ नावाचा उपक्रम झाल्याचं मी ऐकलं होतं. हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि दर आठवड्याला शेतातून जी भाजी येईल ती घ्यायची. ते डोक्यात होतं. आम्ही चोवीस घरांनी ठरवलं की वर्षाचा तांदूळ या पाच जणांकडून घ्यायचा. घरटी पन्नास किलो. निम्मे पैसे जूनमध्ये, लावणीच्या वेळी, म्हणजे त्यांना बियाण्या-मजुरीसाठी कोणाच्या दारात जावं लागू नये. बाकीचे तांदूळ आल्यावर. २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षं झकास गेली. तांदळाला वास होता, मुलं भात मागून घेत होती आणि सोसायटीच्या गणपतीत माझा सत्कारही झाला.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस समुद्रात क्यार वादळ आलं आणि पाठोपाठ महा. कापून शेतात पसरलेल्या भातावर दिवसच्या दिवस पाऊस पडला. लोंब्यांना तिथेच कोंब फुटले. बाराशे किलोऐवजी आमच्याकडे पाचशे किलो बरा तांदूळ आला. बाकीची कणी, तीही काळपट. सोसायटीच्या गच्चीवर बैठक झाली. अकरा घरांनी म्हटलं, आमचे आगाऊ दिलेले पैसे परत द्या, बाजारात तांदूळ मिळतो. खोटं कशाला बोलू, त्या अकरांत मी होतो आणि हिशेब मागताना माझाच आवाज सर्वांत मोठा होता. उरलेल्या तेरा घरांनी पाचशे किलो वाटून घेतला. शेतकऱ्यांनी आमचे साडेसोळा हजार रुपये दोन हप्त्यांत फेडले. दुसरा हप्ता २०२० च्या फेब्रुवारीत आला. तो कुठून आणला, ते मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात टाळेबंदी लागली. मे महिन्यात तुर्भ्याचा बाजार आठवडाभर पूर्ण बंद होता. डोंबिवलीत भाजीच्या गाडीभोवती कशी गर्दी व्हायची ते आठवत असेल. त्या आठवड्यात मुरबाडहून फोन आला. “भाऊ, भेंडी झाडाला जून होत चाललीय. व्यापारी येत नाही. तुमच्याकडं भाजी मिळते का?” दोन दिवसांनी परवाना काढून टेम्पो आला. भेंडी, काकडी आणि थोडा जुना तांदूळ. चोवीसही घरांना. अकरांची नावं त्यांनी वेगळी काढली नव्हती. भाव विचारला तर म्हणाले, नेहमीचा द्या.

त्यांनी आमच्यावर उपकार केले, असं मी म्हणणार नाही. त्यांनाही भेंडी खपवायची होती, नाहीतर बैलापुढे टाकावी लागली असती. आम्हाला भाजी हवी होती, त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. पण टेम्पोतून पिशव्या उतरवून घेताना मला माझाच गच्चीवरचा आवाज आठवत होता. खावटीच्या दिढी-दुपटीवर मी लोकांपुढे बोलत आलो होतो. सावकाराचं वैशिष्ट्य काय? पीक बुडालं तरी त्याचं देणं बुडत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. व्याज घेतलं नाही एवढंच.

नंतर वाचनात आलं की जपानमध्ये अशा देवघेवीला ‘तेइकेइ’ म्हणतात. तिथे १९७१ मध्ये सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तिने तेइकेइची दहा तत्त्वं ठरवली. त्यातलं एक असं की शेतात ठरवून लावलेलं जे पिकेल ते सगळं गिऱ्हाइकाने घ्यायचं. फक्त चांगलं निवडून नाही. आम्ही आगाऊ पैशाची पद्धत उचलली होती, हे तत्त्व उचललं नव्हतं.

२०२१ मध्ये मुरबाडला शाळेच्या व्हरांड्यात पुन्हा बैठक झाली. सात घरं तोवर गळली होती, सतरा उरली. मी शरमेने असेन, पण राहिलो. पाचांपैकी सर्वांत वयस्कर आजोबांनी एकच सवाल केला. “बांध फुटला तर तुमच्याकडचं कोण येणार?” आमच्याकडचं कोणी चिखलात येणार नव्हतं, हे उघड होतं. मग असं ठरलं की प्रत्येक घर दहा किलोमागे एक किलोचे पैसे जास्त देईल आणि तेवढ्या किमतीचं भात गावातच वेगळं ठेवायचं. पडत्या वर्षी आधी त्यांच्या घरांना, मग आमच्या. बियाणं कुजलं तर त्यातून न्यायचं आणि पायलीला पाव घालून परत करायचं. पीक बुडालं तर आगाऊ पैसे परत मागायचे नाहीत. कणी आली तर कणी घ्यायची. कण्यांच्या पेजेची आठवण काहींना आली, काहींनी तोंडं वाकडी केली. दोन घरं अजूनही कणी घेऊन कामवालीला देतात. चालायचंच.

मधल्या एका वर्षी दोन शेतकऱ्यांचे राब सडले तेव्हा कोठीतून दीड क्विंटल भात गेलं. सुगीत एकाचं सव्वापटीने परत आलं, दुसऱ्याने अर्धं दिलं आणि अर्ध्याला वर्षाची मुदत मागितली. आमच्यातल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी त्यावर कलमं सांगायला सुरुवात केली, पण आजोबांनी मुदत देऊनही टाकली होती. पुढच्या कार्तिकात ते भात आलं.

पाच शेतकऱ्यांपैकी एकाच्या शेतावर आता रस्त्याची आखणी आली आहे. मोबदला किती मिळेल याची गावात चर्चा आहे, आणि त्याने घ्यावा की घेऊ नये हे सांगण्याचा अधिकार मला नाही. तो गेला तर चौघांकडून सतरा घरांना किती तांदूळ पुरेल, हे आम्ही येत्या बैठकीत मांडणार आहोत. कोठी त्याच्याच पडवीत आहे, पत्र्याची, आत कडुनिंबाचा पाला घातलेली. सध्या तिच्यात साधारण चार क्विंटल भात आहे. उंदरांनी त्यातलं किती खाल्लं, ते दिवाळीनंतर मोजून पाहायचं आहे, आणि कोठी कोणाच्या पडवीत हलवायची तेही त्याच दिवशी ठरायचं आहे.